हेमलकशाच्या रानातील पट्टेरी मण्यार

महाराष्ट्राच्या नकाशात अगदी पूर्वेच्या टोकाला, जेथे इंद्रावती नदी हीच राज्याची सरहद्द होते, तेथे भामरागड तालुका आहे. पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या भामरागडजवळ इंद्रावतीस मिळतात. या संगमापासून थोड्याच अंतरावर हेमलकसा हे गाव वसलेले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तोपर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. गडचिरोली जिल्ह्याचे तीन चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र वनाखाली आहे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांचे हे रान. पावसाळ्यात येथील नाले दुथडी भरून वाहतात. उन्हाळ्यातही त्यांच्या डोहांत व काठच्या झाडोऱ्यात ओल टिकून राहते. माडिया गोंडांच्या वस्त्या, त्यांची धानाची शेते आणि भोवतालचे जंगल यांच्यामध्ये येथे ठळक अशी सीमारेषा नसते.

या ओलसर रानात एक असा साप राहतो, की जो सातारा, नाशिक किंवा रत्नागिरी येथील वाचकास आपल्या शिवारात कधीही दिसणार नाही. पट्टेरी मण्यार हे त्याचे नाव. काही ठिकाणी त्यास आग्या मण्यार असेही म्हणतात. शास्त्रीय नाव बंगारस फॅसिएटस. भारताचा पूर्व व ईशान्य भाग, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन आणि थेट इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत त्याचा विस्तार आहे. या अफाट प्रदेशाची पश्चिमेकडील कड महाराष्ट्रात येते, आणि ती प्रामुख्याने चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया अशा पूर्व विदर्भातील वनजिल्ह्यांत संपते. हा साप टिकवावयाचा म्हणजे काय करावयाचे, या प्रश्नाचे उत्तर या एका भौगोलिक वस्तुस्थितीत बरेचसे दडलेले आहे.

सोन्याचा साप

पट्टेरी मण्यार ओळखण्यास अत्यंत सोपा आहे. अंगावर काळे व पिवळे पट्टे एकाआड एक असतात आणि त्यांची रुंदी जवळजवळ सारखी असते. हे पट्टे पोटाखालूनही गेलेले असतात, म्हणजे सबंध शरीराभोवती कडी घातल्यासारखी दिसतात. पाठीचा कणा उंच वर आलेला असल्याने शरीराचा छेद त्रिकोणी होतो. कौलारू घराच्या आढ्याची आठवण यावी तसा. कण्यावरील खवल्यांची ओळ मोठ्या षट्कोनी खवल्यांची असते. शेपटी निमुळती न होता बोटाच्या टोकासारखी बोथट संपते. पूर्ण वाढलेला साप साधारणतः दीड मीटरच्या आसपास भरतो. सव्वादोन मीटर लांबीच्या सापाचीही नोंद आहे.

या शेवटच्या खुणेमुळे, म्हणजे बोथट शेपटीमुळे, काही ठिकाणी त्यास दुतोंड्या समजले जाते. दुतोंड्या म्हणून मराठी माणसास परिचित असलेला साप म्हणजे मांडूळ. मांडूळ बिनविषारी असून त्याच्या अंगावर असे पट्टे नसतात. शाळेत सापांचा पाठ घेताना ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखविल्यास मुलांचा गोंधळ लवकर दूर होतो.

त्याच्या शास्त्रीय नावाचा इतिहासही या भागातील लोकांस जवळचा वाटावा असा आहे. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्याने १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयी एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या सापाचे चित्र ‘बंगारुम पामा’ या देशी नावाने दिलेले आहे. तेलुगूमध्ये ‘बंगारु’ म्हणजे सोने आणि ‘पामु’ म्हणजे साप. १८०१ मध्ये श्नायडर या जर्मन शास्त्रज्ञाने त्यास पट्टेदार या अर्थाचे लॅटिन नाव दिले आणि दोन वर्षांनी मण्यारांच्या सबंध प्रजातीचे नामकरण होताना तेलुगू सोनेच कायम राहिले. सिरोंचा तालुक्यात तेलुगू आजही घरोघर बोलली जाते, तेव्हा तेथील शाळकरी मुलास हे नाव पाठ करावे लागणार नाही. ज्याच्या नावाने घोणस इंग्रजीत ओळखली जाते, तो हाच रसेल होय.

साप खाणारा साप

पट्टेरी मण्याराचे मुख्य खाद्य इतर साप हे आहे. धामण, दिवड, नानेटी, मांजऱ्या, हरणटोळ असे साप तो खातो. त्यांच्याखेरीज मासे, बेडूक, सापसुरळ्या आणि सापांची अंडीही त्याच्या आहारात येतात. भक्ष्य डोक्याकडून गिळले जाते आणि ते कधी कधी स्वतः मण्याराइतकेच लांब असते. बंगालमध्ये या सापास शांखामुटी म्हणतात, आणि तो जेथे असतो तेथे दुसरे साप टिकत नाहीत अशी समजूत असल्याने काही भागांत त्यास मारणे टाळले जाते.

या गुणामुळे त्यास ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणून गौरविण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. उंदीर खाऊन धान्य वाचविणारी धामण ही शेतकऱ्याची मित्र खरी. पट्टेरी मण्यार तिलाही खातो. निसर्गातील प्रत्येक प्राणी माणसाच्या उपयोगी असल्याचे सिद्ध केले तरच त्यास जगण्याचा हक्क मिळावा, ही विचारसरणी फार दूरवर नेत नाही. पट्टेरी मण्याराचे महत्त्व वेगळ्या प्रकारचे आहे. सापांवर जगणारा साप हा अन्नसाखळीत बराच वरच्या पायरीवर असतो. त्याच्यासाठी दिवड हवी. दिवडीसाठी मासे व बेडूक हवेत. त्यांच्यासाठी पाणी धरून ठेवणारा नाला, तलाव किंवा बोडी हवी. ज्या नाल्याकाठी पट्टेरी मण्यार वर्षानुवर्षे दिसत आला, त्या नाल्याची प्रकृती ठीक आहे असे समजण्यास हरकत नाही.

दिवसा तो वारुळात, उंदराच्या बिळात, मुळांखालील पोकळीत किंवा पाचोळ्याखाली पडून राहतो. दिवसा त्यास कोणी डिवचले तर तो बहुधा वेटोळ्याखाली डोके खुपसून घेतो, अंग आखडतो, पण चावण्याचा प्रयत्न क्वचितच करतो. रात्री मात्र तो सावध व चपळ असतो. दिवसाच्या या सुस्तीवरून तो निरुपद्रवी आहे, हातात घेण्यास हरकत नाही, असा समज करून घेणे प्राणघातक ठरू शकते.

प्रजननाविषयी एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. मादी अंडी घालून निघून जात नाही. ती अंड्यांभोवती वेटोळे घालून बिळात राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेव्हाच्या ब्रह्मदेशात आठ अंड्यांसह एक मादी मिळाली होती आणि त्यांपैकी काही अंडी मे महिन्यात उबली, अशी नोंद आहे. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, जेव्हा रानात वणवे लागतात, त्याच सुमारास ही मादी जमिनीखाली अंडी राखीत असते. पिल्लू जन्मतः सुमारे ३० सेंटिमीटर लांब असते आणि प्रौढ होण्यास त्यास दोन-तीन वर्षे लागतात.

दोन मण्यार आणि एक लस

महाराष्ट्रात केवळ ‘मण्यार’ म्हटले की जो साप डोळ्यांसमोर येतो, तो साधा मण्यार. काळसर निळ्या अंगावर पांढऱ्या बारीक रेषांच्या जोड्या असलेला हा साप राज्यात सर्वदूर आढळतो आणि तो अत्यंत विषारी आहे. रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्या माणसास तो चावतो. दंशाच्या जागी वेदना वा सूज जवळजवळ नसते. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वास थांबतो. सर्पदंशाने होणाऱ्या मृत्यूंत या सापाचा वाटा मोठा आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील होती.

पट्टेरी मण्याराचे विषही मज्जासंस्थेवरच परिणाम करणारे आहे. प्रयोगशाळेतील उंदरांवरील चाचण्यांत त्याची तीव्रता साध्या मण्याराच्या विषाहून बरीच कमी दिसून येते, आणि या सापाच्या दंशाने माणूस दगावल्याच्या घटना विरळ आहेत. परंतु येथे एक अडचण आहे आणि आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांनी ती ध्यानात ठेवावी अशी आहे. भारतात तयार होणारी सर्पदंशावरील प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून बनविली जाते. घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्यांच्या रक्तातून हे प्रतिविष मिळविले जाते. मुंबईच्या हाफकिन संस्थेची या क्षेत्रातील परंपरा सर्वांस ठाऊक आहेच. लागणारे विष मुख्यत्वे तमिळनाडूतील इरुळा आदिवासींच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या, सहकारी संस्थेकडून येते. या चार सापांत पट्टेरी मण्यार नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या चौघांपलीकडील काही भारतीय सापांच्या विषावर उपलब्ध लसी अपुऱ्या पडतात असे दाखवून दिले. त्या सापांत पट्टेरी मण्याराचा समावेश होता.

थायलंडमध्ये तेथील रेडक्रॉस संस्था पट्टेरी मण्याराविरुद्ध स्वतंत्र लस बनविते. ती आणून प्रश्न सुटेल असे मात्र गृहीत धरता येत नाही. अलीकडील आनुवंशिक अभ्यासांवरून, आज ज्यास एकच जाती मानले जाते त्या पट्टेरी मण्याराच्या निरनिराळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या वंशशाखा आहेत असे दिसते. आणि विषाची घडण प्रदेशागणिक बदलते, हे इतर सापांबाबत सिद्धच झालेले आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, या सापाच्या दंशावर रुग्णाचा श्वास चालू ठेवणे हाच मुख्य आधार ठरतो. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव लाकडी फळी किंवा बांबूची कामटी बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या व कडी काढून घ्यावीत आणि वेळ न दवडता त्यास रुग्णालयात न्यावे. घट्ट दोरी आवळणे, जखमेवर चीर देणे, रक्त चोखणे हे सर्व अपायकारक आहे. पुजाऱ्याकडे जाण्यास हरकत घेण्यात शक्ती खर्च करण्याऐवजी, पुजाऱ्यानेच रुग्णास दवाखान्यात पाठवावे असा प्रयत्न करणे अधिक फलदायी ठरते. श्वासाचे स्नायू थकले तरी हाताने दाबावयाच्या श्वसनपिशवीने, आणि पुढे यंत्राने, कित्येक तास व दिवस रुग्णाचा श्वास चालू ठेवता येतो. ही साधी पिशवी आणि ती वापरता येणारा माणूस प्रत्येक दुर्गम आरोग्य केंद्रात असणे, हे अशा भागात लसीच्या साठ्याइतकेच निकडीचे आहे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविषयीचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जाऊन भामरागडची वाट बंद पडते, असे वर्षानुवर्षे घडत आले आहे. अशा ठिकाणी आराखड्यातील प्रत्येक कलमाची कसोटी लागते.

हेमलकशाचा अनुभव

बाबा आमटे यांच्या प्रेरणेने २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने येथे दवाखाना चालविला. १९७६ मध्ये शाळा सुरू झाली. २००८ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकार होऊन आलेल्या माकडिणीच्या मृतदेहास बिलगलेले एक जिवंत पिल्लू डॉ. आमटे यांनी मागून घेतले आणि त्यातून येथील वन्यप्राणी अनाथालय उभे राहिले, ही हकीकत महाराष्ट्रास परिचित आहे. बिबटे, अस्वले, हरणे यांच्या बरोबरीने येथे सापांनाही स्थान मिळाले.

या प्रयोगाचा एक परिणाम सहसा कोणी मोजत नाही. ज्या समाजात प्राण्याकडे अन्न म्हणून किंवा धोका म्हणून पाहिले जाई, तेथील मुले शाळेत जाता-येता जिवंत प्राणी शांतपणे पाहू लागली. एकाच आवारात सर्पदंशाचा रुग्ण बरा होतो आणि सापही जिवंत राहतो, हे दृश्य कोणत्याही भित्तिपत्रकाहून अधिक सांगून जाते. मात्र डॉ. आमटे यांच्यासारख्या अनुभवी माणसाने साप हाताळल्याची छायाचित्रे पाहून तरुणांनी त्याचे अनुकरण करू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये परवानगीवाचून साप पकडणे, बाळगणे, त्याचे खेळ करणे किंवा त्यास मारणे यांस मनाई आहे. पट्टेरी मण्याराच्या बाबतीत तर त्याच्यासाठी बनविलेली लसच देशात नाही.

जगाची यादी आणि गावाची यादी

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत पट्टेरी मण्यार ‘सर्वांत कमी चिंतेची’ जाती म्हणून नोंदला आहे. विदर्भापासून इंडोनेशियापर्यंतचा विस्तार पाहता हे योग्यच आहे. परंतु ही यादी सबंध जगाचा हिशेब मांडते. उद्या पूर्व विदर्भातून हा साप नाहीसा झाला तरी त्या वर्गवारीत एका अक्षराचाही फरक पडणार नाही; महाराष्ट्रातून मात्र एक जाती कायमची जाईल. जातीच्या विस्ताराच्या कडेवर राहणारी वस्ती बहुधा विरळ असते आणि एका नाल्याकाठची वस्ती संपली तर शेजारून ती भरून निघेलच असे नाही. यास्तव या सापाची काळजी वाहण्याचे काम तालुका व ग्रामपंचायत यांच्याच पातळीवर होऊ शकते.

त्याच्यावरील संकटे फारशी गूढ नाहीत. पहिले संकट काठीचे. ठळक रंगामुळे हा साप लपून राहू शकत नाही आणि सुस्तपणामुळे पळूनही जात नाही, त्यामुळे तो सहज मारला जातो. दुसरे संकट रस्त्याचे. आलापल्ली ते भामरागड हा ६० किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग दाट रानातून जातो. रस्ते सुधारले हे दुर्गम भागाचे भाग्यच. रुग्ण वेळेवर पोहोचतो तो रस्त्यामुळेच. पण डांबरी रस्ता रात्री ऊब धरून ठेवतो आणि निशाचर साप त्यावर येतात. सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीमुळे एटापल्ली-आलापल्ली भागात अवजड वाहनांची ये-जा वाढलेली आहे. पावसाळ्यातील रात्री नाल्यांजवळच्या टप्प्यांत वाहनांचा वेग कमी ठेवणे आणि नव्या रस्त्यांखाली पुरेशा रुंदीच्या मोऱ्या ठेवणे, या दोन्ही गोष्टी खर्चाच्या मानाने हलक्या आहेत.

तिसरे संकट वणव्याचे. मोहफुले वेचणे सोपे व्हावे किंवा तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून पाचोळा पेटविला जातो, आणि तो काळ मादीच्या अंडी राखण्याच्या काळाशी जुळतो. मोहाखालची जागा झाडून घेणे किंवा जाळी अंथरणे हे पर्याय आता माहीत झालेले आहेत. त्यांचा प्रसार वनरक्षकापेक्षा महिला बचत गट अधिक चांगला करू शकतील, कारण मोह वेचतात त्या प्रामुख्याने स्त्रियाच.

चौथी गोष्ट पाण्याची. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांचे मोठे जाळे आहे. या तलावांतील गाळ काढणे आवश्यकच आहे. तलाव भरून गेला तर माणसाचे आणि सापाचे, दोघांचेही नुकसान होते. परंतु यंत्राने काम करताना चारही बाजूंचे काठ खरडून, झुडपे व वारुळे सपाट करून तलावास हौदाचे रूप देण्याची पद्धत पडली आहे, ती बदलावी. निदान एका बाजूचा काठ झाडोऱ्यासह तसाच सोडणे अंदाजपत्रकात लिहून घेता येते.

ग्रामसभेस या बाबतीत पुरेसे अधिकार आहेत. वनहक्क कायदा २००६ मधील कलम ५ अन्वये वन्यजीव, वन व जैवविविधता यांचे रक्षण करण्याचा अधिकार हक्कधारकांना व ग्रामसभेला मिळालेला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून त्याचा मार्ग दाखविला. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक-जैवविविधता नोंदवही ठेवावी, असेही अपेक्षित आहे. अनेक नोंदवह्यांत वनस्पतींची पाने भरगच्च असतात, पण सापांसाठी ‘नाग, धामण, इतर’ एवढ्यावर भागविलेले असते. पट्टेरी मण्याराची नोंद करणे मुळीच अवघड नाही. कोणत्या नाल्याजवळ, कोणत्या महिन्यात, दिवसा की रात्री, जिवंत की मृत, आणि लांबी अंदाजे किती, एवढे लिहिले तरी पुरे. माडिया भाषेत त्यास काय म्हणतात तेही वयोवृद्धांस विचारून लिहावे. रस्त्यावर चिरडलेला साप आढळल्यास त्याचीही नोंद घ्यावी. शेजारी पट्टी किंवा काठी ठेवून दुरून छायाचित्र काढावे, परंतु मृत सापाच्या डोक्यास हात लावू नये. मेल्यानंतरही काही काळ त्याचा जबडा आपोआप मिटू शकतो.